रिकाम्या गाडीचा कंडक्टर

आजऱ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. म्हणजे पडदा आधी हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांनी भरला आणि मग काळा झाला. अप्पांचा पाय ब्रेकवर तसाच होता, उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा गिअरच्या दांड्यावर. मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून दस्तगीरकाकांनी शांतपणे विचारलं,

"काय गा, तापली व्हय?"

"तापली," अप्पा म्हणाले. "थंड होऊ दे जरा. कुणाला उतरून चा प्यायचा असंल तर पिऊ दे."

काकांनी मान वळवली आणि मागच्या भिंतीला, म्हणजे गाडीतल्या सगळ्या मंडळींना, तसं सांगितलं. आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलीच होती. तिला या नाटकाची सवय झाली होती.

मी टेबलाखाली शिरून कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आतलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, हात लावू देत नव्हतं, इतकं तापलं होतं. त्याचा पंखा म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकत होता. हे आता फार दिवस काढत नाही, नवीन आणते, असं मी टेबलाखालूनच जाहीर केलं.

"काय नको," अप्पा म्हणाले. "हाय तेच बरं हाय."

मला वाटलं, झालं सुरू काटकसरीचं पुराण. अप्पांनी चप्पलसुद्धा अंगठा तुटल्याशिवाय बदलली नव्हती. मी लक्ष दिलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत डिझाइनचं काम करायची आणि शनिवारी गडहिंग्लजला घरी यायची. अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. मल्लाप्पा कोरे हे नाव आजऱ्यापासून आंबोलीपर्यंत कुठल्याही थांब्यावर घेतलं, तर एखादा तरी माणूस चहा पाजायचा. दस्तगीर मुल्ला त्यांचे कंडक्टर. नोकरीतला बहुतेक काळ दोघे एकाच गाडीवर होते. या दोघांनी एकमेकांबरोबर जितका संसार केला तितका आमच्याबरोबर नाही, असं आई म्हणायची, आणि त्यात निम्मी थट्टा आणि निम्मी तक्रार असायची.

निवृत्तीनंतर एका सकाळी अप्पांच्या हातातून चहाचा कप गळून पडला. अर्धांगवायूचा झटका. डावी बाजू गेली. पाय पुढे हळूहळू परत आला, ओढत का होईना. हात मात्र रुसून बसला. बोटं तळव्यात मिटायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की हात आत्ता थोडा हलतोय तोवर रोज हलवत ठेवा. एकदा थांबला की थांबलाच. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता. अप्पांनी तो शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला. बाहेर फिरायला जा म्हटलं तर म्हणायचे, गावानं मला गाडीवर बघितलंय, आता पाय घासताना कशाला बघू दे. फाटकाच्या बाहेर त्यांनी पाऊल टाकलं नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

तेव्हा मला ही बसची कल्पना सुचली. माझा कॉलेजातला कॉम्प्युटर घरी धूळ खात पडला होता. त्याच्यावर बस चालवण्याचा एक खेळ मिळाला, बरोबर स्टिअरिंग, पायात क्लच-ब्रेक आणि गिअरचा दांडा. दांडा मी मुद्दाम डाव्या हाताला बसवला. पहिल्यांदा अप्पांनी त्या सगळ्याकडे असं बघितलं, जसं काही पोरीनं आपल्यासाठी पाळणा आणलाय. बसलेसुद्धा नाहीत. पुढच्या शनिवारी आले तर बघते काय, अप्पा स्टिअरिंगवर आणि मागे खुर्ची टाकून दस्तगीरकाका. काकांनीच समजूत काढली असणार, असं मी धरून चालले आणि मनातल्या मनात काकांचे आभार मानले.

खेळ परदेशातला होता. पण कॉम्प्युटर जुना, कार्ड त्याहून जुनं, त्यामुळे माणसं, मोटारी, झाडांची पानं, सगळं बंद केलं तरच बस हलायची. रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं, एवढंच दिसायचं, तेही धुरकट. पाट्यांवरची अक्षरं तर नुसते ठिपके. अप्पांच्या दृष्टीनं ही सोयच झाली. तिकडे वाहनं उजव्या बाजूनं चालतात; पण रस्त्यावर कुणीच नसल्यामुळे अप्पा आपले खुशाल डावीकडून चालवायचे. पहिल्या चौकाला दोघांनी भादवण तिट्टा ठरवून टाकलं होतं. पुढचं मोठं वळण आजरा, चर्च दिसलं की गवसे, आणि चढ लागला की आंबोली.

गाडी काही आपोआप सुटायची नाही. काकांनी चमच्यानं स्टीलच्या ग्लासवर दोनदा टण् टण् केल्याशिवाय अप्पा पहिला गिअर टाकायचे नाहीत. टाकला, की तो डावा हात थरथरत पुढे जायचा, मागे यायचा. मी दारात उभी राहून त्या हाताकडेच बघायची. बाकी चाललंय ते दोन म्हाताऱ्यांचा पोरखेळ, असं मला वाटायचं.

"आता कुठं आलो गा?" अप्पा मधूनच विचारायचे.

"तिट्टा गेला की. आता शेवंताबाई चढंल, बोकड घेऊन."

"बोकडाचं तिकीट घेतलंस?"

"मी सोडतो व्हय? भांडली, पण पैसं दिलं." मग काका तिचं सगळं घराणं सांगायचे, कुठल्या मुलीला कुठं दिलं, कोण मुंबईला गेला. गवश्याला घणसाळ तांदळाचं पोतं टपावर टाकणारा कोण, ते पोतं कुणाचं, सगळं. पुन्हा वळण आलं, की अप्पांचं तेच, आता कुठं आलो गा?

एवढ्या वेळा विचारतात म्हणजे अप्पांना पडद्यावरचं नीट दिसत नसणार, हा निष्कर्ष मी काढला. माझं कामच चित्रं काढायचं. फाउंड्रीत एका रेघेची चूक झाली, की अख्खं ओतकाम भंगारात जातं. धुरकट चित्र मला सहनच होत नाही. वर हे कार्ड दर थोड्या वेळानं तापून बंद पडत होतं. ते कायमचं गेलं, तर अप्पांचा हातही त्याच्याबरोबर गेला, हे मला समोर दिसत होतं.

चहा झाल्यावर मी तो विषय पुन्हा काढला. नवीन कार्डानं किती स्पष्ट दिसेल, गाडी कशी मध्येच बंद पडणार नाही, ते पटवून दिलं. अप्पांनी पुन्हा नको म्हटलं. का नको, ते सांगेनात. मी काकांना मध्ये घेतलं, तर ते हसून म्हणाले, "नवी गाडी आली की वरचे साहेब माणसं बी बदलतात, महादेवी."

महादेवी माझ्या आत्याचं नाव. माझं महानंदा. वयानं होतं असं, म्हणून मी सोडून दिलं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मला शहाणपणाचा सल्ला दिला होता. म्हणाला, वडिलांना एवढंच खेळायचं असेल तर असलंच जुनं, वापरलेलं कार्ड शोधून देतो, काम भागेल. मला काम भागवायचं नव्हतं. करायचं तर नीट करायचं, हा माझा खाक्या. मी दुकानातलं चांगलं दणकट कार्ड घेतलं आणि पुढच्या शनिवारी अप्पा आंघोळीला गेलेले बघून बसवून टाकलं. जे जे बंद होतं ते ते सगळं चालू केलं.

आईनं पडदा बघितला आणि तोंडाला पदरच लावला. झाडांना पानं आली होती. रस्ता ओला होता आणि त्यात घरांचं प्रतिबिंब पडलं होतं. पाट्या लख्ख वाचता येत होत्या. फुटपाथवरून माणसं चालली होती, छत्र्या घेऊन, कुत्री घेऊन. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

अप्पा येऊन बसले. काकांनी ग्लास वाजवला, गाडी सुटली, आणि पहिल्याच वळणावर समोरून एक लाल मोटार हॉर्न देत थेट अप्पांच्या अंगावर आली. अप्पांनी करकचून ब्रेक मारला. मी घाईघाईनं सांगितलं, की अप्पा, उजवीकडून घ्या, त्यांच्याकडे तसंच असतं. सगळ्या नोकरीत एक ओरखडा न काढलेला माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी उजवीकडे घेतली.

थांबा आला. दार उघडलं. निळा कोट घातलेली एक गोरी बाई चढली आणि ड्रायव्हरच्या शेजारी येऊन पैसे पुढे करून उभी राहिली. अप्पा समोर बघत बसले. बाई हलेना.

"दस्तगीर, तिकीट फाड की गा."

काका उठले. चष्मा वर करून पडद्याजवळ आले आणि त्या बाईकडे निरखून बघितलं. "कुठं जायचं म्हणतीया?" त्यांनी मला विचारलं.

मी हौसेनं समजावलं. तिकडे कंडक्टर नसतोच, ड्रायव्हरच तिकीट देतो, हे बटण दाबलं की झालं. मी दाबून दाखवलं. यंत्रातून तिकीट निघालं, बाई आत जाऊन बसली. मागून आणखी माणसं चढली. मी बटण दाबत राहिले. "आता तुम्हाला काही त्रासच नाही, काका," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं बसून बघा."

काका खुर्चीत जाऊन बसले. ग्लास त्यांनी खाली ठेवला. गाडी चालली होती, पडद्यावर पाऊस लागला होता, काचेवरचे वायपरसुद्धा खरे वाटत होते.

"आता कुठं आलो गा?" अप्पांनी विचारलं.

मी मागे वळून बघितलं. काका पडद्यावरच्या पाटीवरचं एकेक इंग्रजी अक्षर लावत होते. लावून झालं तरी त्यांना ते नाव कळेना. त्यांचा चेहरा घाबरलेला होता, जत्रेत चुकलेल्या माणसासारखा.

"हे कुठलं गाव?" ते म्हणाले. "मल्लाप्पा, कुठं आणलास?"

अप्पांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. काका मात्र उठलेच. घरी काम आहे, असं काहीतरी पुटपुटून चपला घालून निघून गेले. मला वाटलं, नवीन आहे, येईल सवय.

त्या आठवड्यात आईचा फोन आला, की हे खेळायला बसतच नाहीत. विचारलं तर घाट बंद आहे म्हणतात. काकाही फिरकलेले नाहीत. मी शनिवारी रागातच घरी पोचले. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पूर्वीसारखे. डावा हात चादरीखाली होता. मी तो बाहेर काढून बघितला. बोटं पुन्हा मिटायला लागली होती.

मी खूप बोलले. एवढी धावपळ करून आणलं त्याचं काहीच नाही का, डॉक्टरांनी काय सांगितलंय, हात कायमचा गेला तर आईनं किती करायचं, सगळं काढलं. अप्पांनी ऐकून घेतलं.

"दस्तगीर आला न्हाई," एवढंच म्हणाले.

म्हणजे दोघे रुसलेत, मी मनात म्हटलं, आणि काकांची समजूत काढायला त्यांच्या घरी गेले. त्यांची सून रेहाना दारात तांदूळ निवडत होती. मी काकांची चौकशी केली तर ती हसली.

"अब्बा तुमच्याकडंच गेलेत की. रोज जातात तसं, चा पिऊन."

"आज?"

"आज, काल, रोजच. दुपारी जेवायला येतात माघारी."

मी म्हटलं, आठवडाभर ते आमच्याकडे आलेलेच नाहीत. रेहानाच्या हातातलं ताट तिथेच राहिलं. मग तिच्याकडून सगळं कळलं. काकांचं विसरणं कधीचंच सुरू झालं होतं. नातवाचं नाव विसरायचे. मशिदीतून घरी यायची वाट विसरायचे. दोनदा लोकांनी आणून सोडलं होतं. आमच्या घरची वाट तेवढी चुकायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, की जुन्या कामातलं जे जे आठवतंय ते रोज बोलतं ठेवा, ती सवय मोडू देऊ नका.

"अप्पांना म्हाईत हाय की सगळं," रेहाना म्हणाली. "तुम्ही ते स्टिअरिंग आणलासा, त्याच आठवड्यात मी येऊन सांगितलं हुतं त्यांना. त्यांनीच मग अब्बांना बोलावून नेलं. तुम्हाला बोलले न्हाईत व्हय?"

मी धावत घरी आले. अप्पांना एवढंच सांगितलं, की काका रोज सकाळी घरातून निघतात आणि आपल्याकडे येत नाहीत. अप्पा उठून बसले. त्यांनी काठी मागितली.

"स्टँडवर चल," म्हणाले.

रिक्षा स्टँडच्या फाटकाशी थांबली. पुढं अप्पा चालत निघाले. आजारपणानंतर पहिल्यांदा ते गावात दिसत होते, तेही पाय घासत, भर गर्दीत. कॅन्टीनमधून कुणीतरी हाक मारली, कंट्रोलरच्या खिडकीतून कुणीतरी बाहेर आलं. अप्पांनी कुणाकडे बघितलं नाही. त्यांना आजऱ्याच्या फलाटापर्यंत पोचायचं होतं.

काका तिथेच होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. आजऱ्याच्या गाडीच्या दाराशी उभे राहून ते गावांची नावं पुकारत होते, एकही न चुकता. गाडीची कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं मला हळूच सांगितलं, की आजोबा रोज येतात, त्रास काहीच नाही, उलट म्हाताऱ्या बायकांना हात देऊन चढवतात. बसा म्हटलं तर मात्र बसत नाहीत.

"म्हणतात, ड्रायव्हर यायचा हाय अजून."

अप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना दम लागला होता.

"उशीर झाला गा," ते म्हणाले.

"किती वाट बघायची?" काका चिडले होते. "माणसं भरून बसल्याती. मी काय सांगू त्यास्नी?"

"आपली गाडी हिकडं न्हाई. घराकडं लावलीया. चल."

असं म्हणून अप्पांनी काकांचा दंड धरला. डाव्या हातानं. उजव्यात काठी होती. ती मिटलेली बोटं एकेक करून उघडली आणि शर्टाभोवती बसली, आणि रिक्षापर्यंत सुटली नाहीत. मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर आईनं काकांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून भाकरी वाढली. मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि एकेक करून सगळं बंद केलं. आधी मोटारी, मग माणसं, मग पाऊस, पानं, शेवटी पाट्यांवरची अक्षरं. एवढं दणकट कार्ड, आणि त्याला मी धुरकट रस्ता आणि बंद घरं दाखवायच्या कामाला लावलं. नवीन पंख्याचा आवाजही येत नव्हता.

अप्पा मागे उभे राहून बघत होते. "हे बंद करता येत हुतं व्हय?"

"येत होतं."

"मला वाटलं, नवं कार्ड एकदा घातलं की घातलं."

"अप्पा, मला सांगायचं तरी. तुम्ही नको म्हणत होता, का ते एका शब्दानं बोलला नाहीत. मी समजत होते, तुम्ही हातासाठी बसताय."

अप्पा खुर्चीत टेकले. स्वयंपाकघरातून काकांचा आवाज येत होता. शेवंताबाईनं एकदा बोकड सीटवर बसवला होता, ते आईला सांगत होते.

"हाताचं काय घिऊन बसलीस," ते म्हणाले. "मला दुसरा हात हाय. त्याला डोस्कं एकच हाय."